माथेरानच्या तांबड्या वाटा

उलव्याच्या नव्या वसाहतींतून हिंवाळ्याच्या सकाळीं पूर्वेकडे पाहिलें म्हणजे पनवेलच्या मागें डोंगरांची एक लांब निळसर भिंत उभी असलेली दिसते. उजव्या हाताला कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, समोर प्रबळगडाचें रुंद पठार, आणि त्याच्या पाठीशीं जवळजवळ सपाट माथ्याची माथेरानची ओळ. खुद्द उलव्यालाहि एक टेकडी होती. नव्या विमानतळासाठीं ती सुमारें नव्वद मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनीं फोडून जमिनीला भिडविण्यांत आली, उलवे नदीचें पात्र वळविण्यांत आलें, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं विमानतळाचें उद्घाटन झालें. टेकडी गेली तेव्हां तिच्या अंगावरच्या वाटाहि तिच्याबरोबर गेल्या. वाट ही वस्तुच अशी आहे कीं, ती नाहींशी झाली तरी तिच्याकरितां सहसा कोणी अर्ज करीत नाहीं.

समोरचा डोंगर मात्र जागच्या जागीं आहे, आणि नवी मुंबईच्या या भागाला तो आतां फारच जवळचा झाला आहे. २०२४ च्या जानेवारींत शिवडी ते न्हावाशेवा हा सागरी सेतु खुला झाला, त्याच महिन्यांत आगगाडी उरणपर्यंत धांवूं लागली. रविवारीं सूर्योदयापूर्वीं एखाद्या डोंगराच्या पायथ्याशीं पोंचणें हें पूर्वीं हौशी तरुणांचें काम होतें. आतां तें मुलाबाळांसह सबंध कुटुंबाला साधतें. डोंगर चढणारांची संख्या वाढावी यांत वाईट कांहींच नाहीं. पण ज्या वाटेनें हीं माणसें वर जातात, ती वाट दर पावसाळ्यांत थोडी थोडी खालीं उतरत असते. ती कां उतरते, तिला धरून ठेवतां येतें काय, आणि धरून ठेवावयाची तर कोणासाठीं व कोणत्या रीतीनें, हे प्रश्न माथेरानच्या वाटांवर जितके स्पष्ट दिसतात तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असतील.

या वाटांचा लेखी इतिहास फार जुना नाहीं. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम डोंगराच्या दक्षिण पायथ्याला चौक गांवीं होता. तेथून ते, पुढें वनट्री हिल या नांवानें प्रसिद्ध झालेल्या टेकाडाच्या बाजूनें वर चढले आणि माथ्यावरची गर्द सावली पाहून मोहित झाले. पुस्तकांतून याला माथेरानचा शोध असें म्हणण्याचा प्रघात आहे. ठाकूर, कातकरी आणि धनगर यांना हा डोंगर अर्थातच आधींपासून ठाऊक होता. त्यांची गुरें तेथें चरत होतीं आणि त्यांच्या मोळ्या तेथून खालीं उतरत होत्या. वनट्री हिलच्या बगलेंतील उभ्या घळीला लोकांत 'शिवाजीची शिडी' म्हणतात. नांवावरून इतिहास सिद्ध होत नाहीं, पण ज्या घळीला लोक शिडी म्हणतात, तिचा चढ त्यांच्या पायांना चांगलाच परिचित असला पाहिजे. मॅलेट यांच्या मागून गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनीं या स्थळाला उत्तेजन दिलें. बंगले उठले, बंगल्यांपासून कड्याच्या टोंकांपर्यंत तांबड्या मातीचे सावलीचे रस्ते निघाले, आणि टोंकांना लुइझा, एको, पॅनोरमा, अलेक्झांडर अशीं नांवें पडलीं. नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची आगगाडी पीरभॉय घराण्याच्या पैशानें १९०४ ते १९०७ या काळांत तयार झाली. तोंपर्यंत वर यावयाचें तें पायीं, घोड्यावर अथवा दुसऱ्याच्या खांद्यावर.

मोटारीला माथ्यावर मज्जाव आहे. ती दस्तुरी नाक्याशीं थांबते, आणि बाजारापर्यंतचें पुढचें अडीच-तीन किलोमीटरांचें अंतर माणसाला आपल्या किंवा घोड्याच्या पायांवर कापावें लागतें. २००३ सालीं केंद्र सरकारनें माथेरान आणि भोंवतालचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हां या जुन्या रिवाजाला कायद्याचें बळ मिळालें. म्हणजे माथेरान हें असें एक गांव आहे कीं, ज्याचा सर्व व्यवहार वाटेवर अवलंबून आहे. इतर गांवांत रस्ता उखडला तर गाडी हिसके खाते. येथें वाट उखडली कीं दुधापासून दवाखान्यापर्यंत सर्वच अडतें.

ही वाट बिघडते कशी हें समजण्यास प्रथम तिच्या पोटांत काय आहे हें पाहिलें पाहिजे. सह्याद्रि हा लाव्ह्याच्या थरांचा डोंगर. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं जमिनीच्या भेगांतून तप्त रस वाहिला, थिजला, पुन्हां वाहिला. त्यामुळें काळ्या कठीण कातळाचा एक थर आणि भोंकाभोंकांचा मऊ थर अशी एकावर एक चळत रचली गेली. माथेरानच्या माथ्यावरील कातळाचें ऊन आणि पाऊस यांनीं दीर्घ काळांत रूपांतर होऊन तेथें जांभ्याचें टोपण तयार झालें आहे. जांभा झिजला म्हणजे त्याची तांबडी माती होते. ती माती रंगाला जितकी देखणी, तितकीच पाण्यापुढें दुबळी. रानांत ती टिकते याचें कारण तिच्यावर पाल्यापाचोळ्याचें पांघरूण असतें, वर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचें छप्पर असतें, आणि खालीं मुळांची जाळी असते. वाट पडली कीं पांघरूण निघतें, पायांनीं माती दाबली जाते, मुळें उघडीं पडून तुटतात. दाबलेली माती पाणी पीत नाहीं. जें पाणी रानांत जागच्या जागीं मुरलें असतें, तें वाटेवर येऊन धांवूं लागतें.

धांवणाऱ्या पाण्याचें सामर्थ्य किती झपाट्यानें वाढतें याची सहसा कल्पना नसते. जलशास्त्रांत एक जुना नियम आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर तें जेवढ्या वजनाचा दगड ढकलूं शकत होतें त्याच्या चौसष्टपट वजनाचा दगड ढकलूं लागतें. उतारावर पन्नास पावलें सरळ जाणारी वाट आणि दहा-दहा पावलांवर वळणारी वाट यांत म्हणूनच जमीनअस्मानाचें अंतर पडतें. पहिल्या वाटेवरचें पाणी तळाशीं पोंचेपर्यंत ओढ्याच्या ताकदीचें होतें. दुसरीवरचें प्रत्येक वळणावर धाप टाकतें. डोंगरांत राहणाऱ्या जुन्या लोकांनीं वाटा नागमोडी ठेवल्या त्या केवळ दम लागूं नये म्हणून असें शहरांतला माणूस समजतो, आणि दम अजून शाबूत असल्यामुळें दोन वळणांच्या मधून सरळ खालीं उतरतो. त्याच्या मागून दुसरा उतरतो. पुढच्या आषाढांत पाणीहि तोच जवळचा रस्ता धरतें. दोन-तीन पावसाळ्यांत तेथें गुडघाभर चर पडतो, आणि तो ओलांडतांना घसरावयास होतें म्हणून लोक त्याच्या शेजारून नवी वाट पाडतात. माणूस दगडाळ, ओल्या भागाला बगल देतो, पाणी माणसाच्या मागें जातें, आणि एका वाटेच्या जागीं पांच वाटांचा पंखा होतो. माथेरानवर टोंकांकडे जाणाऱ्या कांहीं रस्त्यांत झाडांचीं मुळें माणसाच्या ढोपराइतकीं वर आलेलीं दिसतात. मुळें वर आलेलीं नसतात. जमीन खालीं गेलेली असते.

माथेरानच्या मुख्य रस्त्यावर याच मातीवरून घोड्याचे नाल चालत होते, माणसांनीं ओढलेल्या रिक्षांचीं चाकें चालत होतीं, आणि सामानाच्या हातगाड्या चालत होत्या. पाय माती दाबतो; नाल ती उकरतो; चाक तिच्यांत खोबण पाडतें आणि त्या खोबणींतून पाणी वाहतें. उन्हाळ्यांत हीच उकरलेली माती धूळ होऊन झाडांच्या पानांवर आणि माणसांच्या छातींत जाऊन बसते. तेव्हां मुख्य रस्त्यावर कांहीं तरी कठीण पसरावें ही मागणी वेडगळ नव्हती. त्याप्रमाणें पेव्हर ब्लॉक या नांवानें सर्वांना परिचित झालेले ठोकळे तेथें बसविण्यांत आले, आणि वाद सुरू झाला. घोडेवाल्यांचें म्हणणें असें कीं, ठोकळ्यांवर घोड्याचा पाय घसरतो. मातींत नाल रुततो, ठोकळ्यांवर तो रुतत नाहीं. रिक्षा ओढणाऱ्यांचें म्हणणें असें कीं, माणसानें माणसाला ओढण्याचें हें काम संपावयाचें असेल तर विजेच्या रिक्षा हव्यात, आणि विजेच्या रिक्षांना चिखल चालत नाहीं. पर्यावरणाची काळजी वाहणारे म्हणत कीं, आज ठोकळे आले, उद्यां डांबर येईल, परवां मोटार येईल.

या तीनहि म्हणण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद शेवटीं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ च्या अखेरीस विजेच्या रिक्षा प्रथम प्रयोगादाखल चालविण्यांत आल्या. ऑगस्ट २०२५ मध्यें न्यायालयानें निर्णय दिला: माणसानें ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांच्या आंत बंद कराव्यात आणि ओढणाऱ्यांना विजेच्या रिक्षांच्या योजनेंत सामावून घ्यावें, दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य मार्गावर ठोकळ्यांना परवानगी असावी, परंतु आंतल्या रस्त्यांवर आणि डोंगर चढण्याउतरण्याच्या वाटांवर ते बसवूं नयेत. माणुसकीचा भाग वर्तमानपत्रांनीं उचलला, आणि तें योग्यच झालें. स्वातंत्र्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं एका माणसानें दुसऱ्याला चढावरून ओढीत नेणें ही शोभेची गोष्ट नव्हती. तथापि निर्णयाचा दुसरा भाग वाटांच्या दृष्टीनें तितकाच महत्त्वाचा आहे. रस्ता आणि वाट हीं दोन वेगळीं आहेत, एकाचा उपाय दुसऱ्याला लावूं नये, ही गोष्ट त्यानें प्रथमच इतक्या स्पष्टपणें मान्य केली. घोडेवाल्यांची अडचण त्यानें पुरती मिटली असें मात्र म्हणतां येत नाहीं.

मग वाटेचा उपाय कोणता? पहिली गोष्ट अशी कीं, वाट दुरुस्त करणें हें बहुतांशीं पाण्याचें काम आहे. वाटेची आडवी बाजू दरीकडे किंचित कलती ठेवावी, म्हणजे पडलेलें पाणी वाटेनें न धांवतां वाट ओलांडून निघून जातें. कित्येक वर्षांच्या पायपिटीनें वाट मध्यें खोलगट झालेली असते. कडेला सांचलेली मातीची वरंब काढून टाकली तरी निम्मा रोग बरा होतो. डोंगराच्या अंगाला, म्हणजे आंतल्या बाजूला, चर काढावा आणि त्यांतलें पाणी ठिकठिकाणीं वाटेखालून दगडी मोरीनें पलीकडे न्यावें. जेथें उतार जास्त आहे तेथें वाटेवर लांबट दगड तिरके पुरावेत. हे दगड काटकोनांत आडवे घातले तर पाणी त्यांच्यामागें तुंबतें, गाळ भरतो आणि पाणी त्यांच्यावरून उडी घेऊन पुढची माती खणतें. ते तिरके असले म्हणजे पाणी त्यांच्या कडेकडेनें वळून दरीकडे जातें. उतार जितका उभा, तितके दगड जवळ जवळ. दगडाचा मोठा भाग जमिनींत असावा, वर अगदीं थोडा दिसावा. नाहीं तर पहिल्याच हंगामांत घोड्याच्या ठोकरीनें तो निखळतो.

पायऱ्यांबद्दल बराच गैरसमज आहे. उभ्या चढावर पायऱ्या हव्यातच, पण सिमेंटची उंच पायरी ही डोंगरवाटेची शत्रु आहे. तिच्यावरून पडणारें पाणी तिच्याच पायाशीं खड्डा करतें. पायरी उंच वाटते म्हणून उतरणारा माणूस तिच्या शेजारच्या मातीवरून उतरतो. आणि थोड्याच वर्षांत पायऱ्या मध्यें तरंगत राहतात, लोक दोन्ही बाजूंनीं चालतात. सहा-सात इंचांहून उंच नसलेली, पाऊल पुरतें मावेल इतकी रुंद, डोंगराच्याच ओबडधोबड दगडाची पायरी असली म्हणजे माणूस आपण होऊन तिच्यावर पाय ठेवतो. घोडा ज्या वाटेनें जाणार तेथें पायरी आणखी ठेंगणी व दोन-तीन पावलें लांब असावी लागते, आणि तिचा पृष्ठभाग घोटलेला असतां कामा नये. दरीकडच्या धारेला आधारासाठीं घातलेली भिंत कोरडी, चुन्यासिमेंटाशिवाय रचलेली असावी. कोरड्या गडग्याच्या फटींतून पाणी झिरपून जातें. सिमेंटनें लिंपलेल्या भिंतीमागें तेंच पाणी कोंडतें, त्याचा भार वाढतो, आणि एखाद्या श्रावणांत ती सबंध भिंत एकदम दरींत जाते. तेव्हां दोष पावसाला दिला जातो.

जवळच्या आडवाटा बंद करणें हें सर्वांत अवघड. फलक लावून त्या बंद होत नाहींत. जेथून माणसाला खालचें वळण दिसतें तेथूनच त्याला उडी मारण्याचा मोह होतो. म्हणून त्या जागीं काट्याकुट्यांचें कुंपण घालून मागें झुडपें वाढूं द्यावीं. या कामाला कारवीसारखें झुडूप नाहीं. सात वर्षांतून एकदां फुलणारी ही कारवी उतारावर दाट उभी राहते आणि तिचीं मुळें मोकळी माती घट्ट धरतात. चरांत दगडांच्या लहान लहान आडव्या ओळी रचल्या म्हणजे वरून येणारा गाळ त्यांत अडकतो आणि जखम हळूहळू भरून येते. घाईनें बाहेरची माती आणून टाकली तर पहिल्याच पावसांत ती वाहून जाते.

हीं तत्त्वें एकट्या सह्याद्रीचीं नव्हेत. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांतील ग्रँड कॅनियन हा रखरखीत प्रदेश. तेथें कोंकणासारखा पाऊस नाहीं, पण उन्हाळ्याच्या अखेरीस एखादी सर अशी कोसळते कीं, उघड्या जमिनीवरून पाण्याचे लोट सुटतात. तेथील ब्राइट एंजल नांवाची वाट मूळची हवासुपै लोकांची, झऱ्याकडे जाणारी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत राल्फ कॅमेरन नांवाच्या गृहस्थानें ती रुंद केली आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून डॉलर-डॉलर पट्टी घेण्यास सुरुवात केली. १९२८ सालीं ती उद्यानाच्या ताब्यांत आली. पुढें मंदीच्या काळांत, १९३३ पासून, सरकारनें बेकार तरुणांचीं पथकें उभारलीं, आणि त्यांनीं खोऱ्यांतील वाटांवर दगडांच्या भिंती रचल्या व विसाव्याच्या जागा बांधल्या. तेथें आजहि खेचरें चालतात, आणि खेचराच्या खुरांनीं दरवर्षीं वाट उखडते म्हणून दरवर्षीं ती नीट करणारीं माणसें नेमलेलीं असतात. ज्यांची ती वाट होती त्या हवासुपै लोकांना मात्र झऱ्याकाठच्या वस्तींतून हुसकून लावण्यांत आलें होतें; त्या जागेला त्यांचें नांव २०२२ सालीं परत मिळालें. इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशांतील उदाहरण याहून जवळचें, कारण तेथें पाऊस भरपूर. तेथें जुन्या काळीं ओझ्याच्या घोड्यांसाठीं केलेल्या वाटांचें परीक्षण करून, दगड उभे, खोल आणि एकमेकांत गुंतवून पुरण्याची विसरलेली पद्धत पुन्हां प्रचारांत आणली गेली. जो मार्ग शेकडों वर्षें टिकला त्यालाच गुरु करावें, इतका साधा विचार त्यामागें होता.

असा गुरु महाराष्ट्राला शोधीत बसण्याची गरज नाहीं. जुन्नरकडून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटांत सातवाहनांच्या काळांतील लोकांनीं फरसबंद चढण केली, आणि वाटेच्या कडेला कातळांत पाण्याचीं टांकीं खोदलीं. दोन हजार वर्षांनंतरहि माणूस त्या मार्गानें चढतो. रायगडावर २०१७ नंतर स्थापन झालेल्या प्राधिकरणानें पायरीमार्गाच्या दुरुस्तीचें काम हातीं घेतलें, आणि २०२५ च्या जुलैमध्यें रायगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद जागतिक वारशाच्या यादींत झाली. किल्ल्याची वाट म्हटली कीं निधि मिळतो, पाटी लागते, मंत्री येतात. धोदाणीकडून माथेरानच्या सूर्यास्ताच्या टोंकावर येणारी वाट, चौक-बोरगांवकडून रामबागेकडे चढणारी वाट, भिवपुरीकडून गार्बेटच्या पठारावरून येणारी वाट यांना मात्र कोणताहि राजा वाली नाहीं. त्या वाटांवरून पायथ्याच्या वाड्यांतलीं ठाकूर, कातकरी माणसें डोक्यावर पाटी किंवा भारा घेऊन वर बाजाराला येतात आणि संध्याकाळीं परत उतरतात. शहरांतील सहलकरी ज्याला साहस समजतो, तो त्यांचा कामावर जाण्याचा रस्ता आहे.

याच डोंगररांगेंत, चौकच्या वर इरशाळगडाच्या उतारावर वसलेल्या इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरड कोसळली. २७ मृतदेह हातीं लागले; ५७ माणसांचा शोध लागलाच नाहीं. वाडीला गाडीरस्ता नव्हता. माती उपसणारीं यंत्रें वर नेतां येईनात, आणि बचावपथकांना भर पावसांत, चिखलाच्या निसरड्या चढणीनें वर जाऊन हातांनीं ढिगारा उकरावा लागला. नवी मुंबईच्या अग्निशमन दलांतील एका अधिकाऱ्याचा त्या चढणीवरच हृदयक्रिया बंद पडून अंत झाला. वांचलेल्या कुटुंबांना पुढें सिडकोनें पायथ्याजवळ नानिवली येथें घरें बांधून दिलीं. त्या दुर्घटनेनंतर प्रत्येक वाडीला रस्ता द्या अशी मागणी झाली, आणि ती स्वाभाविक होती. परंतु असल्या उतारावर यंत्रानें कापून काढलेला गाडीरस्ता हा डोंगराच्या पायालाच घातलेला घाव ठरूं शकतो. वरच्या मातीचा आधार निघतो आणि नवी दरड तयार होते. त्याऐवजीं चार माणसांना डोली घेऊन रात्रींहि न घसरतां उतरतां येईल इतकी रुंद, दगडी पायऱ्यांची, पाण्याच्या निचऱ्याची वाट हें मधलें साधन आहे. तिच्यानें दरड थांबत नाहीं. पण अडलेली बाळंतीण, साप चावलेलें मूल आणि घाबरलेलें गांव यांना वेळेवर खालीं येण्यास ती पुरते.

असलें काम ठेकेदाराच्या हिशेबांत बसत नाहीं ही खरी अडचण आहे. ठेक्याला लांबी, रुंदी, जाडी आणि सिमेंटच्या गोण्या मोजतां येतात. कोणत्या वळणावर पाणी कोणत्या बाजूला वळवावें हें मोजतां येत नाहीं. नव्या बांधकामाला पैसा मंजूर होतो, तो बहुधा वर्षअखेरीस खर्च होतो. चर साफ करण्याला मंजुरी मिळणें कठीण, कारण साफ केलेल्या चराचें उद्घाटन करतां येत नाहीं. १९०७ पासून चालणाऱ्या माथेरानच्या आगगाडीचा मार्ग २००५ च्या अतिवृष्टींत वाहून गेला आणि २००७ पर्यंत गाडी बंद राहिली. २०१९ सालीं पुन्हां तेंच झालें आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत सुरू होऊं शकली नाहीं. पण आगगाडी बंद पडली कीं बातमी होते आणि निदान कोणी तरी जबाबदार असतो. पायवाटेला असा कोणी नाहीं. ती वनखात्याची कीं नगरपरिषदेची कीं ग्रामपंचायतीची, हें बहुतेक वेळां वाट गेल्यावरच विचारलें जातें.

वास्तविक या कामाला लागणारें ज्ञान डोंगराच्या पायथ्याशींच आहे. शेताच्या बांधांतून पाणी कोठें सोडावें आणि कोठें अडवावें, गडगा कसा रचावा, मधला दगड आधीं कां बसवावा, हें भातशेती करणाऱ्या माणसाला शिकवावें लागत नाहीं. दिवाळी झाली, शेतीचीं कामें उरकलीं, कीं होळीपर्यंतचे तीन-चार महिने त्याच्या हाताला काम हवें असतें. आणि वाटेच्या दुरुस्तीचाहि हंगाम तोच, कारण तेव्हां माती कोरडी आणि पहार चालण्याजोगी असते. आठवड्याच्या अखेरीस डोंगरावर जाणारीं शहरांतलीं मंडळें या कामांत दगड वाहण्यापुरती मदत आनंदानें करतील; दगड कोठें बसवावा हें मात्र त्यांनीं वाडींतल्या म्हाताऱ्याला विचारावें. पावसाळ्यापूर्वीं, वैशाखांत, चर आणि मोऱ्या पाल्यापाचोळ्यानें भरलेल्या असतात त्या मोकळ्या कराव्या लागतात. एक मोरी तुंबली तर तिच्या खालची शंभर पावलें वाट एका रात्रींत जाते.

आणि मृगाची पहिली मोठी सर आली म्हणजे एका माणसानें इरलें घेऊन वाटेनें वरपासून खालपर्यंत चालत जावें. त्या वेळीं वाट आपलें सर्व दुखणें उघड करते: येथें पाणी दगडावरून उडी घेत आहे, येथें तें चर सोडून वाटेवर आलें आहे, येथें गेल्या वर्षीं पुरलेला दगड हलला आहे, येथें पर्यटकांनीं पुन्हां नवी आडवाट पाडली आहे. त्यानें बरोबर एक कुदळ ठेवावी. पुष्कळशा ठिकाणीं तेव्हांच मातीचे चार घाव काढून पाण्याला बाहेरची वाट करून देतां येते. जेथें तेवढ्यानें भागणार नाहीं, तेथें दगडावर चुन्याची खूण करून पुढें जावें, आणि दिवाळीनंतर त्या खुणेपासून कामास लागावें.